पाणी नाही, शेत नाही, तरी बावीस हजार माणसं : सिमी बेटाविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अँटिकिथेराच्या यंत्रावरच्या (बुडालेल्या जहाजात सापडलेल्या प्राचीन ग्रीक दातेरी यंत्रावरच्या) लेखात एकच वाक्य होतं : 'हे जहाज शोधणारे पाणबुडे सिमी बेटाचे.' यंत्राइतकीच पत्रं ग्रीसच्या या बेटावरच्या एका वाक्यावर आली, आणि बहुतेक ठाणे खाडीच्या दोन काठांवरून. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न (कळवा) : यंत्र सिमीजवळ सापडलं असं माझ्या मुलाने शाळेत सांगितलं. बाईंनी चूक काढली. बरोबर कोण?

उत्तर : बाई. अँटिकिथेरा हे बेट क्रीट आणि ग्रीसच्या मुख्य भूमीच्या मध्ये आहे. सिमी तिथून पूर्वेला चारशेएक किलोमीटरवर, थेट तुर्कस्तानच्या कुशीत. १९०० साली ईस्टरच्या सुमारास दिमित्रिओस कोन्तोस या नाखव्याची सिमीची होडी वादळामुळे अँटिकिथेराच्या आडोशाला थांबली होती. वारा पडेपर्यंत एलियास स्तादियातिस हा पाणबुड्या स्पंज (अंग घासायला वापरतात तो समुद्री प्राणी) बघायला सुमारे ४५ मीटर खाली गेला आणि घाबरून वर आला : तळाशी माणसांची आणि घोड्यांची प्रेतं पडली आहेत म्हणाला. ती प्रेतं म्हणजे पुतळे. पुढे ग्रीक नौदलाच्या मदतीने याच लोकांनी माल वर काढला. त्या कामात एक पाणबुड्या मेला आणि दोघे लुळे झाले. वर आलेल्या गंजक्या ढेकळात दातेरी चाक आहे हे १९०२ च्या मे महिन्यात वालेरिओस स्ताइस यांच्या लक्षात आलं. यंत्राचे तुकडे आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. आमचं वाक्य संदिग्ध होतं, मुलाची चूक अर्धी आमची.

प्रश्न (घणसोली) : ग्रीस १८३० मध्ये स्वतंत्र झाला असं वाचलं. मग सिमी ग्रीसमध्ये १९४८ साली सामील झालं, हे कसं? मधली ११८ वर्षं ते कुणाचं होतं?

उत्तर : १८३० मध्ये स्वतंत्र झालेला ग्रीस आजच्या निम्म्याहून लहान होता. आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) किनाऱ्यालगतची बेटं तुर्की सुलतानाकडेच राहिली. सिमी ज्या समूहात मोडतं त्याचं नाव दोदेकानीस, म्हणजे 'बारा बेटं'. (ग्रीक 'दोदेका' आणि आपलं 'द्वादश' एकाच मुळाचे.)

थोडं मागून सांगायला हवं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला शेजारच्या मोठ्या रोड्स बेटाबरोबर हे बेट सेंट जॉनच्या सरदारांकडे (ख्रिस्ती लढवय्यांच्या धार्मिक संघाकडे) गेलं. वरच्या गावाच्या माथ्यावर जुन्या ग्रीक तटाच्या दगडांवरच त्यांनी किल्ला उभारला. त्यांना सिमीच्या वेगवान होड्या टेहळणीला आणि निरोपाला हव्या असत. १५२२ मध्ये सुलतान सुलेमानने रोड्सला वेढा घातला, तेव्हा सिमीने न लढता मान तुकवली आणि बदल्यात करार पदरात पाडून घेतला : वर्षाला एक ठरलेली ठोक रक्कम, त्यात स्पंजांची भेट, आणि बाकी कारभार गावाच्या निवडलेल्या पंचांकडे. या पद्धतीला 'मक्तू' म्हणत, आपल्या 'मक्ता' या शब्दाचा तो भाऊबंद. सारा ठरलेला असल्यामुळे जास्त कमावलं तर ते गावातच राहायचं. बेटाच्या भरभराटीचं कारण आमच्या मते या कलमात आहे, स्पंज त्याच्या नंतर.

१९१२ च्या मे महिन्यात इटलीने ही बेटं घेतली. इटली आणि तुर्कस्तानचं भांडण खरं तर लिबियावरून होतं, बेटं ओलीस म्हणून धरली. त्याच वर्षीच्या तहात ती परत द्यायचं ठरलं, पण दिली नाहीत. १९२३ च्या लोझानच्या तहात तुर्कस्तानने त्यांच्यावरचा हक्कच सोडला. इटालियन अमलात जुन्या सवलती एकेक करून गेल्या. त्याहून मोठा घाव सरहद्दीचा. तोवर समोरचा किनारा सिमीकरांचं परसदार होतं : तिथे त्यांची शेतं, गुरं, लाकूड, गिऱ्हाईक. १९२२-२३ नंतर त्या किनाऱ्यावरच्या ग्रीक लोकांना घरंदारं सोडून जावं लागलं, आणि दहा किलोमीटरच्या आतला किनारा परदेश झाला. स्पंजाचा व्यापार कालिम्नोस बेटाकडे सरकला. माणसं रोड्सला, अथेन्सला, काही पार अमेरिकेत फ्लॉरिडाच्या टार्पन स्प्रिंग्जला गेली. तिथे १९०५ पासून ग्रीक पाणबुड्यांनी स्पंजाचा धंदा बसवला होता.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रं ठेवली. मग ब्रिटिश आणि जर्मन यांच्यात बेटाची ओढाताण झाली. जुलै १९४४ मध्ये ब्रिटिश आणि ग्रीक कमांडोंनी छापा घातला. जर्मनांनी जाताना किल्ल्यातला दारूगोळा उडवला आणि त्यात माथ्यावरचं चर्च गेलं. ८ मे १९४५ रोजी दोदेकानीसमधल्या जर्मन सैन्याची शरणागती लिहिली गेली ती सिमीच्या बंदरावरच्या एका घरात. भिंतीवर फलक आहे. पॅरिसचा तह फेब्रुवारी १९४७ चा, त्याच वर्षी ३१ मार्चला ब्रिटिशांनी कारभार ग्रीकांकडे दिला, आणि ७ मार्च १९४८ ला विधिवत विलीनीकरण झालं.

म्हणजे १९१२ साली तुर्की अमलात जन्मलेल्या बाईने घर न बदलता छत्तीस वर्षांत चार राज्यं पाहिली, आणि ब्रिटिशांची दोन वर्षं मोजली तर पाच.

प्रश्न (चेंदणी कोळीवाडा, ठाणे) : आमच्याकडे खाडीत बुडी मारून कालवं काढणारी माणसं होती. तीस-चाळीस मीटर खाली सिमीचे लोक श्वास धरून कसे जात? आणि बुडी मारण्याचा पोशाख आल्यावर माणसं जास्त का मेली? पोशाखाने तर वाचायला हवं.

उत्तर : या प्रश्नाला जागा जास्त देतो.

जुनी पद्धत दगडाची. 'स्कांदालोपेत्रा' म्हणजे संगमरवराचा किंवा ग्रॅनाइटचा चपटा, कडा गोल केलेला, साधारण ८ ते १५ किलोचा दगड. त्याला भोक आणि भोकातून दोर. आधी होडीवरचा गडी काचेच्या बुडाची बादली पाण्यात दाबून तळ न्याहाळतो. जिवंत स्पंज पिवळा नसतो, काळ्या कातड्याच्या गोळ्यासारखा दिसतो. जागा ठरली की पाणबुड्या उघड्या अंगाने, दगड दोन्ही हातांनी पुढे धरून, डोकं खाली करून सुटतो. दगड नुसतं वजन नाही, सुकाणूही आहे : तिरका केला की माणूस तिकडे वळतो, आडवा धरला की वेग कमी होतो. उतरताना कानातला दाब पावलोपावली जुळवावा लागतो, नाहीतर पडदा फाटतो. तळाशी दगड काखेत धरून स्पंज कापायचे, गळ्यातल्या जाळीत भरायचे, दोराला हिसका द्यायचा. वर येण्याचं काम होडीवाल्यांचं, ते हातावर हात टाकत ओढतात. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. दोर धरणारा गडी निवडण्यात पाणबुडे फार चोखंदळ असत.

ही पद्धत किती खोल जाऊ शकते याचा दाखला १९१३ चा. 'रेजिना मार्गेरिता' या इटालियन युद्धनौकेचा नांगर कार्पाथोस बेटापाशी तुटून पडला. सिमीच्या स्ताथिस हात्झिसने दगड धरून सत्तर मीटरहून खोल बुड्या मारल्या आणि नांगराला दोर बांधून दिला. नौदलाच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं तेव्हा कानाचे पडदे फाटलेले आणि फुप्फुसं फुगलेली आढळली. एका नजरेत नापास होईल असा माणूस!

पोशाख १८६० च्या दशकात आला. फोतिस मास्तोरिदिस याने तो सिमीत आणला. लोकांचा विश्वास बसेना म्हणून त्याची बायको एव्येनिया पोशाख घालून बंदरात उतरली, असं तिथे सांगतात. तांब्याचं शिरस्त्राण, रबर चढवलेलं कापड, छातीवर आणि बुटांच्या तळाला शिसं, एकूण ऐंशी किलोच्या आसपास. होडीवर हाताने फिरवायचा पंप, तिथून नळीने हवा. आता माणूस दोन मिनिटांऐवजी तासभर खाली राहू लागला, आणि घोटाळा इथेच झाला.

पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका (समुद्रसपाटीवर हवेचा असतो तेवढा) दाब वाढतो. पृष्ठभागावर १, तर ३० मीटरवर ४. पंप हवा त्याच दाबाने पाठवतो, म्हणून दर श्वासात चौपट नायट्रोजन आत जातो आणि हळूहळू रक्तात, चरबीत, मज्जारज्जूत विरघळतो. घाईने वर आलं की तो बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो, गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर होतं तसं. बुडबुडा सांध्यात अडकला तर असह्य दुखतं, मज्जारज्जूत अडकला तर पाय जातात. श्वास धरून जाणाऱ्याकडे फुप्फुसभर एकच हवा असते, विरघळायला मालही कमी आणि वेळही कमी. म्हणून त्याला हा रोग क्वचित होतो, एका दिवसात फार बुड्या मारल्या तरच.

चुका ठरावीक होत्या. खाली वेळ मोजायचा नाही. पोशाखात हवा भरून बुचासारखं वर यायचं. त्याच दिवशी पुन्हा उतरायचं, आधीचा नायट्रोजन अंगात असतानाच. कधी नळी फुटायची. शिरस्त्राणातला दाब एकदम पडला की बाहेरचं पाणी अंगाला शिरस्त्राणाच्या दिशेने चेपतं, त्यातून माणूस सहसा वाचत नसे. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं छापली ती १९०८ मध्ये, म्हणजे सिमीत पोशाख आल्यानंतर चाळीसहून जास्त वर्षांनी. त्यांचा मूळ नियम : एकूण दाब निम्म्यावर येईपर्यंत सरळ वर या, मग थांबा. ३० मीटरवरून (दाब ४) १० मीटरपर्यंत (दाब २). आजची कोष्टकं याहून सावध आहेत, तेव्हा हा नियम घेऊन कुणी तारकर्लीला उतरू नये.

पण ज्ञान नव्हतं एवढ्यावर हे भागत नाही. दुखतं, लुळं होतं, हे तर डोळ्यांसमोर होतं. तरी माणसं उतरली ती उचलीमुळे. ईस्टरनंतर होड्या निघायच्या, लिबिया, इजिप्त, ट्युनिसपर्यंत जायच्या आणि हिवाळ्याआधी परतायच्या. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्या खुला होतो, तसा तिथे ईस्टरला. निघण्याआधी पाणबुड्याला आगाऊ रक्कम मिळे, तिला 'प्लातिका' म्हणत. त्यातून घरचं सहा महिन्यांचं धान्य आणि जुनं देणं भागे. नाखवाही व्यापाऱ्याकडून व्याजाने आणूनच ती देई. उचल फिटेल इतके स्पंज वर यायलाच हवेत, उथळ पाण्यातले तर काढून संपलेले. मग पुढची बुडी दहा मीटर खोल. बायकांनी या पोशाखाविरुद्ध सुलतानाकडे दाद मागितली आणि काही काळ बंदीही आली. टिकली नाही.

प्रश्न (दिवाळे, सीबीडी बेलापूर) : बेट उघडंबोडकं आहे म्हणता, मग होड्यांचं लाकूड?

उत्तर : समोरच्या किनाऱ्यावरच्या पाइनच्या रानातलं. १९२३ नंतर तेही बंद झालं. होडी बांधणारे कारागीर होते, झाडं नव्हती.

प्रश्न (नेरूळ) : आम्हाला मोरबे धरणाचं पाणी एक दिवस उशिरा आलं तरी सोसायटीत बैठक बसते. ५८ चौरस किलोमीटरच्या, नदी नसलेल्या बेटावर बावीस हजार माणसं काय पीत होती?

उत्तर : बावीस हजार हा आकडा १९१२ च्या सुमाराचा म्हणून सांगितला जातो. आज कायम राहणारे अडीच हजारांच्या आसपास आहेत. पाणी गच्चीवरचं. जवळजवळ प्रत्येक जुन्या घराच्या अंगणाखाली टाकं आहे. हिशेब सोपा : १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ६० चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पडला तर ६,००० लिटर, त्यातले सांडणं-सुकणं धरून ४,८०० टाक्यात आले असं समजा. पाच माणसांच्या घराला दिवसाला माणशी १० लिटर धरले तर ते ९६ दिवस पुरतात. माणशी १० लिटर म्हणजे पिणं, रांधणं आणि तोंड धुणं. आंघोळीचं बोलू नका.

तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा. म्हणून पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडतात (महिनोन्‌महिन्यांची धूळ आणि कबुतरांची घाण), मग मोरी टाक्याकडे वळवतात. टाक्याला आतून चुना आणि विटेची भुकटी यांचा गिलावा. ग्रीक त्याला 'कुरासानी' म्हणतात, आपल्याकडे सुरखी. नुसता चुना सतत ओलीत नीट पकडत नाही, विटेच्या भुकटीने तो पाण्याखालीही घट्ट होतो. टाकं गळायला लागतं ते बहुधा भिंत आणि तळ यांच्या सांध्यात, म्हणून तिथे कोपरा न ठेवता गोलाई देतात. अंगणात काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी असते, 'होख्लाकी'. गोटे चुन्यात आडवे न ठेवता उभे, कडेवर बसवतात, म्हणजे झिजले तरी उखडत नाहीत. पुढच्या काळात पाणी जहाजाने यायचं, आता समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : प्राचीन ग्रीक ग्रंथांत सिमीचा उल्लेख आहे का?

उत्तर : दोन ठळक. होमरच्या 'इलियड' महाकाव्यातल्या जहाजांच्या यादीत सिमीचा राजा निरेउस तीन जहाजं घेऊन ट्रॉयला येतो. अकिलीसनंतर सगळ्यांत देखणा, पण दुबळा आणि पाठीशी माणसं थोडी. होमरने एवढं म्हणून त्याला सोडून दिलं आहे. दुसरा थ्युसिडिडीस या इतिहासकाराचा : ख्रिस्तपूर्व ४११ च्या आगेमागे, हिवाळ्यात, पाऊस आणि धुक्यात स्पार्टाच्या आस्तिओखसचा ताफा सिमीपाशी अथेन्सच्या खार्मिनसवर आदळला. अथेन्सची सहा जहाजं गेली आणि स्पार्टनांनी बेटावर विजयस्तंभ उभारला. जाता जाता : ग्रीक दर्यावर्दी तुमच्याही अंगणात येऊन गेले आहेत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक नोंदवहीत सोपारा आणि कल्याण ही दोन्ही बंदरं आहेत.

प्रश्न (वाशी) : पुढच्या वर्षी दोघांनी जायचा विचार आहे, वय साठीच्या पुढे. कसं आणि कधी जावं? समोरचं तुर्कस्तानही त्याच फेरीत जमेल का?

उत्तर : सिमीला विमानतळ नाही. रोड्सपर्यंत विमान, पुढे बोट : वेगवान बोटीला तासाभराच्या आत, साध्या बोटीला दीड तासाच्या आसपास. मे-जून किंवा सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर निवडा. जुलै-ऑगस्टला उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटतो आणि बोटी रद्द होतात, वेगवान आधी. त्यामुळे परतीच्या विमानाआधी एक मुक्काम रोड्सला ठेवाच.

शेंगेन (ग्रीससह युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या) व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही आणि शेवटचे १५ दिवस उरल्यावर तर करूच नये. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. दिवसभरासाठी जरी तिकडे गेलात तरी शेंगेनमधून बाहेर पडलात असं धरतात, आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत सिमीत घेणार नाहीत. तेव्हा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा, तुर्कस्तानचा वेगळा काढा. 'बेटांवर उतरताच व्हिसा' अशी बातमी वाचली असेल तर ती सवलत तुर्की नागरिकांसाठी आहे.

गुडघ्यांचं : बंदराच्या यालोसपासून वरच्या होरिओ गावापर्यंत 'काली स्त्राता' हा जिना आहे, चारशे-पाचशे पायऱ्या. घारापुरीच्या सुमारे १२० आहेत, त्यावरून अंदाज घ्या. वर जाताना बस घ्या, उतरताना पायऱ्या, तेही सकाळी. बेटाच्या दक्षिण टोकाचा पानोर्मितिस मठ चुकवू नका. आपल्या कोळ्यांची एकविरा, तसा तिथल्या दर्यावर्द्यांचा मिखाईल देवदूत, जत्रा ८ नोव्हेंबरला.

प्रश्न (ऐरोली) : मुलीने सिमीहून स्पंज आणला. दगडासारखा कडक आहे. फसवलं का?

उत्तर : नाही, खरा स्पंज वाळल्यावर कडकच होतो. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मऊ होईल. हातात येतो तो प्राण्याचा सांगाडा. काढल्यावर पायाखाली तुडवून आतलं पांढरं दूध काढतात, दोरात ओवून समुद्रात धुतात, कातडं खरवडतात. तपकिरी स्पंज टिकाऊ. पिवळाधमक असेल तर पोटॅशियम परमँगनेट आणि मग आम्ल लावून उजळलेला असतो, दिसायला छान पण लवकर तुटतो. लहान छिद्रांचा तोंडासाठी, मधाच्या पोळ्यासारखा मोठ्या छिद्रांचा अंगासाठी. 'हत्तीचा कान' म्हणतात तो चपटा प्रकार कुंभारांच्या कामाचा. उकळू नका, आकसून रबरासारखा होतो. ब्लीच नको. वापरल्यावर साबण पूर्ण काढा, पिळताना मुरगाळू नका, दाबा, आणि हवेवर टांगा. वास येऊ लागला तर अर्ध्या बादली पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून रात्रभर बुडवून ठेवा. आपल्या पावसाळ्यात तो बाथरूममध्ये ठेवलात तर आठवड्यात काळे ठिपके येतील, खिडकीत ठेवा.